तीन वायरींच्या जागी एक

डिश फिट करणाऱ्या माणसाला लोक गच्चीवर चढवतात आणि विसरून जातात. टीव्हीवर चित्र दिसलं की खालून ओरडून सांगतात, "आलं, आलं!" मग चहा होतो, आणि पुढची पाच वर्षं वर कोणी ढुंकूनही पाहत नाही. आमच्या धंद्यातली सगळी लबाडी त्या गच्चीवरच चालते. अकोल्यात माझं दुकान होतं, आणि तेल्हारा, अकोट, कधी पार धारणीपर्यंत मोटरसायकलला डिश बांधून मी फिरलो. तेव्हा हे सांगतोय ते ऐकीव नाही. माझंच आहे.

ते दिवस वाईट होते. कापसाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. सरकी वेगळी करणारे जिन एकामागून एक बंद पडत होते. टीव्हीवाल्यांच्या गाड्या डोक्यावर माझ्या डिशच्या तिप्पट डिश घेऊन आमच्या रस्त्यांवर धूळ उडवत फिरायच्या. ज्या गावात गाडी थांबली त्या गावात कोणीतरी गेलं, हे विचारायची गरज नव्हती. आणि पाहा, माझ्या दुकानातून सगळ्यात जास्त डिश त्याच वर्षांत गेल्या. असं का, ते मला आजही धड सांगता येत नाही. संध्याकाळी घराघरांत कोणी कोणाशी बोलायला तयार नव्हतं, त्यामुळे असेल.

तेल्हाऱ्यापासून थोडं पुढे एक गाव आहे. तिथल्या एका घरात एकदाच नव्हे, चार-पाचदा गेलो. घर खाऊनपिऊन सुखी. म्हातारा-म्हातारी, तीन मुलं, तीन सुना, सगळे एकत्र. म्हाताऱ्याला अख्खं गाव बाबा म्हणायचं, मीही बाबाच म्हणायचो. आयुष्यभर ते जिनमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या यायच्या, हे वजन करायचे, पावती लिहायचे. यांच्या वजनात एवढासा फरक कधी निघाला नाही, असं लोक सांगायचे. जिन बंद पडला, बाबा घरी बसले. पण घरी बसू कोण देतो?

गावात कोणी जिवाचं बरंवाईट केलं की पोलीस यायचे आणि पंचनाम्याला पंच शोधायचे. पंच व्हायला कोणी तयार नसतो. मेलेल्या माणसाजवळ उभं राहायचं, जे दिसतं ते लिहून घ्यायचं, खाली सही करायची, वर उद्या कोर्टात बोलावलं तर जायचं. लोक शेताच्या वाटेने पसार व्हायचे. बाबा मात्र नाही म्हणायचे नाहीत. अक्षर चांगलं, सही ठाम, काट्यावरचा माणूस. मग पोलिसांना सवयच लागली. त्यांच्या गावातच नाही, आजूबाजूच्या दोन-तीन गावांतूनही बोलावणं यायचं. सकाळी बाबांनी टोपी घातली आणि खिशाला पेन लावला की गल्लीतल्या बाया चुलीपुढचं काम सोडून दारात यायच्या. आता कोण, एवढंच विचारायच्या.

परत आल्यावर बाबा अंगणातल्या हौदावर अंघोळ करायचे. म्हातारी पाणी घालायची. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत आणि बोलायचे नाहीत. तिने विचारलं तरी काही सांगायचे नाहीत. वर्षानुवर्षं असं चाललं. हे सगळं मला म्हातारीनेच सांगितलं, पण ते नंतर.

माझा संबंध आला तो थोरल्या मुलामुळे. तेव्हा रेकॉर्डिंगचे बॉक्स नवीन आले होते. एक चॅनेल पाहत बसा, दुसरा आपोआप भरून घ्या, मग हवं तेव्हा पाहा. थोरल्याने अमरावतीत कोणाकडे तरी पाहिलं आणि हट्टच धरला. बैठकीत रेकॉर्डिंगचा मोठा बॉक्स, आणि वरच्या खोलीत धाकट्या मुलाचं नवीन लग्न झालेलं, तिथे एक साधा छोटा बॉक्स. दोन्ही एकाच डिशवर.

आता इथे थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. आकाशातून चॅनेल दोन बाजूंनी येतात, आम्ही त्यांना उभी आणि आडवी म्हणतो. बॉक्स वायरीतून वर तेरा व्होल्ट पाठवतो तेव्हा डिश उभी बाजू देते. अठरा पाठवले की आडवी. एका वायरीतून एका वेळी एकच बाजू येते. आमच्या अकोल्यात नळाचं असतं तसं, व्हॉलमनने एका भागाचा व्हॉल उघडला की दुसऱ्या भागातले लोक रिकामी भांडी घेऊन बसतात. रेकॉर्डिंगच्या बॉक्समध्ये चॅनेल पकडणारे दोन ट्यूनर असतात, म्हणून त्याला दोन वायरी. वरच्या खोलीच्या बॉक्सला एक. म्हणजे डिशपासून तीन वेगळ्या वायरी आणाव्या लागतात. अमरावतीच्या ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं.

मी एक आणली. झालं असं, की डिश गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात बसवावी लागली, आणि घरात शिरायला मधे दीड हात जाडीची दगडी भिंत. मे महिना. गच्चीवर पाय ठेवला तर चटका बसत होता. एक छिद्र पाडता पाडता ड्रिलचा बिट तुटला, आणि दुसरा लावेपर्यंत लाईट गेली. तेव्हा लाईट गेली की सहा-सात तास यायचं नावच नाही. त्या घरी इन्व्हर्टर होता, पण त्याच्यावर ड्रिल चालणार थोडंच! खाली थोरला घाई करत होता, बायामंडळी टीव्हीसमोर येऊन बसली होती. मी त्या एका छिद्रातून एक वायर आत घेतली आणि भिंतीच्या आतल्या बाजूला, कपाटामागे, एक स्प्लिटर लावला. अंगठ्याएवढी वस्तू. एक वायर आत, तीन बाहेर. बाकीच्या दोन वायरी नंतर टाकू म्हटलं. नंतर म्हणजे कधी, ते मी मलाच विचारलं नाही.

स्प्लिटर लावला की चालतं, पण एक भानगड होते. एका बॉक्सने तेरा मागितले आणि दुसऱ्याने अठरा, तर अठरावाला जिंकतो. तेरावाल्याचा पडदा काळा. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दाखवताना मी मुद्दाम उभ्या बाजूचे चॅनेल लावले. खाली एक मराठी चॅनेल रेकॉर्डला, वर दुसरा. दोन्ही स्वच्छ. आमच्यातले बरेच जण असंच दाखवायचे, माझंच डोकं होतं असं नाही. वरून मी धाकट्या सुनेला आणि सगळ्यांना नीट समजावून सांगितलं: खाली रेकॉर्डिंग चालू असलं तरी वर बिनधास्त काहीही पाहा, काही बिघडत नाही. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी मला विचारलं होतं, "मिस्त्री, काम पक्कं केलं ना?" मी म्हटलं, पक्कं. त्यांनी मान हलवली. काट्यावर पावती देताना मान हलवत असतील तशी.

पुढे थोरल्याचा दोनदा फोन आला, की रेकॉर्डिंगमध्ये मधेच चित्र तुटतं. मी म्हटलं, ढग असतील. ढग! आमच्याकडे पावसाळ्यात मिळत नाहीत ते.

वर्षभराने एक टीव्हीवाली मुलगी कॅमेरा घेऊन त्या गावात आली. तिला कोणीतरी सांगितलं असणार, की अमुक माणूस इतक्या पंचनाम्यांचा पंच आहे. आधी बाबांनी तिला हाकललं. ती दुसऱ्या दिवशी परत आली आणि गुपचूप अंगणात बसून राहिली. मग काय झालं कोणास ठाऊक, बाबा उठले, टोपी घातली आणि तिला घेऊन बंद पडलेल्या जिनवर गेले. काट्याजवळ उभे राहून बोलले. घरातल्या कोणालाही त्यांनी सोबत येऊ दिलं नाही. काय बोललात, असं म्हातारीने विचारलं तर म्हणाले, टीव्हीवर येईल तेव्हा ऐक. आणि घरातल्या सगळ्यांना बजावलं, की बाहेर कोणाला सांगायचं नाही, आणि मी समोर बसलेला असल्याशिवाय ते कोणी पाहायचंही नाही. आपण सगळे मिळून पाहू.

रविवारी दुपारी चारला ते दाखवणार होते. शुक्रवारी बाबांच्या छातीत कळ आली. त्यांना अकोल्याला दवाखान्यात नेलं, आणि घरचे एकेक करत सगळे तिकडे गेले. गुरंढोरं होती, म्हणून धाकटी सून तेवढी घरी राहिली. पोरगी बडनेऱ्याची, बाप रेल्वेत. सासूने जाताना तिला सांगितलं, चार वाजता रेकॉर्डिंग सुरू होते का ते पाहा, आणि सुरू झालं की टीव्ही बंद कर. तू एकटीनं पाहू नको.

तिने अगदी तसंच केलं. गावात लाईट नव्हती, या एका घरात इन्व्हर्टरवर टीव्ही चालू. चार वाजता बॉक्सचा लाल दिवा लागला. तिने बाबांचा चेहरा पडद्यावर पाहिला, खात्री केली, टीव्ही बंद केला, बॉक्स चालू ठेवला आणि वर आपल्या खोलीत गेली. जीव घाबरा होत होता म्हणून तिने वरचा टीव्ही लावला. कोणतीतरी हिंदी मालिका. ती आडव्या बाजूची होती, बाबांचा चॅनेल उभ्या बाजूचा.

संध्याकाळी दवाखान्यातून बाबांनी थोरल्याला घरी फोन लावायला सांगितलं. झालं का रेकॉर्ड? धाकटी म्हणाली, हो, झालं, लाल दिवा होता. थोरल्याने हे बाबांना सांगितलं. मंगळवारी बाबा गेले. झालं आहे, एवढं समजून गेले.

तेरवीला मला बोलावणं होतं. जेवणं आटोपली, पाहुणे थोडे पांगले, आणि म्हातारी म्हणाली, लावा आता. बैठकीत पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसली. बाबांची टोपी टीव्हीशेजारी ठेवली होती. थोरल्याने रिमोट दाबला.

बाबा दिसले. मागे काटा, त्यावर उगवलेलं गवत. ते आधी टोपी काढतात, परत घालतात. मुलगी काहीतरी विचारते. ते म्हणतात, आयुष्यभर वजन केलं, वजन कधी चुकलं नाही. मग म्हणतात, "सह्या लय केल्या म्या. पन त्यातली एक सही म्या कराले नोको होती. ते आज सांगून टाकतो." ते तोंड उघडतात, आणि पडदा काळा. खाली बारीक अक्षरं, की सिग्नल नाही. थोरल्याने पुढे ढकललं, आणखी पुढे ढकललं. शेवटपर्यंत काळा.

म्हातारी पडद्याकडेच पाहत होती. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण मिस्त्री घरातच होता.

मला काय झालं ते कळायला एक मिनिटही लागलं नाही. रेकॉर्डिंग पूर्ण अर्ध्या तासाचं होतं, म्हणजे लाईट गेली असं म्हणायची सोय नव्हती. कपाटामागे माझा स्प्लिटर होता. मी उठलो, बॉक्सच्या मागे हात घालून वायरी हलवल्यासारखं केलं. आणि मग मी वळून विचारलं, "तवा वर कोनी टीव्ही लावला होता काय?"

बस, एवढंच विचारलं. मी तिचं नाव घेतलं नाही, तिच्याकडे बोट दाखवलं नाही. पण घरात त्या वेळी कोण होतं हे सगळ्यांना माहीत होतं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिने पदर सावरला आणि सरळ मला विचारलं, "भाऊ, तुमीच सांगतलं होतं ना, वर काही बी पाहा म्हनून?"

मी म्हटलं, सांगितलं होतं, पण काही काही चॅनेलनं असं होऊ शकतं. मी काय बोललो ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वायरी तीन पाहिजे होत्या, मी एक टाकली. पण वीस माणसं, मेलेल्या माणसाची टोपी, आणि समोर त्याची बायको. भ्याड माणूस दुसरं काय करतो? मी चहा न घेता निघालो.

त्या मुलीच्या टीव्ही चॅनेलला मी फोन लावले. एकदा नाही, पंधरा-वीसदा. एक जण म्हणाला, ती मुलगी नोकरी सोडून गेली. दुसरा म्हणाला, त्या टेपवर दुसरं काहीतरी भरलं असेल. परत दाखवतील म्हणून मी दुकानातल्या बॉक्सवर महिनाभर रोज पहारा ठेवला. नाही दाखवलं. आणखीही कोणीतरी मेलं होतं, त्यांच्याकडे दाखवायला नवीन होतं.

तीन आठवड्यांनी मी भर दुपारी त्या घरी गेलो आणि उरलेल्या दोन वायरी टाकल्या. कंपनीचं काम आहे म्हणून सांगितलं. धाकटी सून गच्चीवर कुरडया वाळू घालत होती. ती माझं काम पाहत राहिली. शेवटी मी पक्कड पिशवीत टाकताना तिने विचारलं, या दोन वायरी आता काहून टाकून राहिले? मी म्हटलं, नियम बदलला. ती बरं म्हणाली आणि कुरडया उलटू लागली. तिला कळलं, हे मला तेव्हाच कळलं. रोज त्या गच्चीवर कपडे वाळू घालणाऱ्या बाईला आधी किती वायरी होत्या हे ठाऊक नसणार काय?

त्यानंतर मी ते गाव टाळत गेलो. पण तेल्हाऱ्याच्या बाजारात थोरला भेटायचा, आणि बोलता बोलता सांगायचा. सासू धाकटीशी बोलत नव्हती. पाण्याचा तांब्या मागायचा तरी नातवाच्या तोंडून मागायची. वरच्या खोलीतला टीव्ही काढून टाकला होता. गावातल्या बाया विहिरीवर तिला ऐकू जाईल असं बोलायच्या, की एवढा देवमाणूस शेवटचं बोलला आणि हिच्या मालिकेनं पुसलं. नवरा भला, पण आईपुढे तोंड उघडायचा नाही. एकदा ती चार महिने बडनेऱ्याला जाऊन राहिली. बापाने समजूत घालून परत पाठवली. थोरला हे सगळं मला सहज सांगायचा, आणि मी मान हलवत ऐकायचो. प्रत्येक वेळी ठरवायचो, पुढच्या खेपेला जाऊन सांगून टाकू. म्हातारी आहे तोवर सांगायला पाहिजे, तिच्या पश्चात सांगून त्या पोरीला काय उपयोग? हे मला चांगलं कळत होतं. कळूनही मी सहा वर्षं काढली.

मग एका दिवशी थोरल्याचा फोन आला. बॉक्समधून टकटक आवाज येतो, मधेच बंद पडतो, आणि आई म्हणते मिस्त्रीले बोलाव. म्हातारी आता अंथरुणाला खिळली होती. बॉक्समधली डिस्क मरायला टेकली होती, हे मी फोनवरच ओळखलं. त्या बॉक्सचं रेकॉर्डिंग दुसऱ्या कशात उतरवता येत नाही, कुलूप असतं त्याला. बॉक्स मेला की बाबांची ती दोन मिनिटंही जाणार होती. एकच उपाय होता, मोबाईलवर पडदाच शूट करायचा. तोवर आमच्या हातात तसे मोबाईल आले होते.

मी गेलो. म्हातारी बैठकीतच खाटेवर पडून होती, टीव्हीकडे तोंड करून. पार वाळली होती, डोळे तेवढे जिवंत. मी डब्यावर डबा ठेवून मोबाईल टेकवला, बॉक्स आणि मोबाईल दोन्ही सुरू केले आणि बाजूला बसलो. बाबांनी टोपी काढली, परत घातली. वजन कधी चुकलं नाही म्हणाले. एक सही करायला नको होती म्हणाले. पडदा काळा झाला. थोरला मोबाईल बंद करायला उठला, तर म्हातारी म्हणाली, "राहू दे. पुरं होऊ दे."

थोरला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ही रोज असंच करते. दुपारी चारला लावायला सांगते आणि अर्धा तास पुरा पाहते. काळा पडदाही. सहा वर्षं झाली.

मी म्हातारीकडे पाहिलं. ती त्या काळ्या पडद्याकडे अशी पाहत होती, की जणू बाबा आत बोलत आहेत आणि थोडं लक्ष दिलं तर ऐकू येईल. तिच्या उशाशी बाबांचा पेन होता. तिने मला जवळ बोलावलं आणि हौदावरच्या अंघोळीचं, न जेवण्याचं, न बोलण्याचं सगळं तेव्हा सांगितलं. म्हणाली, माणूस सगळ्या गावाच्या मरणाजवळ उभा राहिला आणि मला एक शब्द बोलला नाही. टीव्हीवालीला बोलला. ती कोणती सही, तेवढं मला कळलं असतं तर त्याच्या वाटणीचं मी थोडं रडली असती. एवढं बोलून ती परत पडद्याकडे पाहू लागली. काळा पडदा चालूच होता. डिस्क टकटक वाजत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी धाकटी सून सुपात तांदूळ निवडत बसली होती, सहा वर्षांपूर्वी जिथे उभी होती तिथेच. तिने मान वर केली नाही.

मला बसवेना.

"माय, हे तिनं नाही बिघडवलं," मी म्हटलं. "म्या बिघडवलं. वायरी तीन पाह्यजे होत्या, म्या एक टाकली. वर कोनी काही बी लावलं तरी खालचं बिघडाले नोको होतं. तेरवीच्या दिवशीच मले समजलं होतं. म्या सांगतलं नाही."

थोरला माझ्याकडे पाहत राहिला. त्याला राग यायलाही वेळ लागला. म्हातारीने मात्र डोळे मिटले, आणि बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. "तिनं मले सांगतलं होतं. वायर एक होती, मिस्त्रीनं मागून दोन टाकल्या, म्हने. म्या तिले म्हटलं, परक्या मानसावर आळ घेऊ नोको. मिस्त्रीले खोटं बोलून काय भेटन?"

याच्यापेक्षा तिने मला चपलेने मारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्यावर विश्वास होता तिचा. सहा वर्षं घरात राबणाऱ्या पोरीपेक्षा, अर्धा दिवस गच्चीवर चढलेल्या माझ्यावर.

म्हातारीने हात जरासा उचलला आणि दाराकडे पाहून म्हटलं, अठी ये माय, माह्याजवळ बस. आळ घेऊ नको म्हटल्यानंतर पहिल्यांदाच ती तिच्याशी बोलली असेल. धाकटीने सूप खाली ठेवलं. ती उठली, पण खाटेवर बसली नाही. सासूच्या अंगावरची चादर नीट केली, उशी सरकवली, तांब्यातलं पाणी पाजलं. हे ती रोजच करत असणार, तशाच हातांनी तिने केलं. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसायला कोणाला सांगत नव्हती. एवढी वर्षं झाल्यावर कुठून सुरू करणार?

अर्धा तास संपला. पडद्यावर परत रेकॉर्डिंगच्या नावांची यादी आली. मी मोबाईल बंद करायला उठलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तो सगळा वेळ चालू होता. बाबांची दोन मिनिटं, मग काळा पडदा, आणि त्या काळ्या पडद्यावर म्हातारीचं बोलणं, टकटक, आणि माझा आवाज. बाबा जिथे आपली चूक सांगणार होते, तिथे माझी भरली गेली होती. मी घाबरलो, आणि मनात आलंच, की दोन मिनिटांनंतरचं कापून टाकावं. थोरल्याला बाबांचं तेवढं दिलं म्हणजे झालं. इतकं सांगून झाल्यावरही मनात हेच आलं, असा माणूस मी.

धाकटी माझ्या मागे येऊन उभी होती. तिने कमरेला खोचलेला आपला छोटा मोबाईल काढून माझ्यापुढे धरला.

"भाऊ, हे माह्याच्यात टाकून द्या," ती म्हणाली. "पुरं टाका. कापू नोका."

मी टाकून दिलं. मोठी फाईल होती, वेळ लागला. तोवर ती तिथेच उभी राहिली, आणि पूर्ण गेल्याची खात्री करूनच सुपाकडे परत गेली.